लांबचं केंद्र

सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात मी कंत्राटी समुपदेशक होते. जिन्याजवळच्या लहान खोलीत माझं टेबल होतं. खिडकीला निळा पडदा होता. सकाळचं ऊन त्यातून निळसर होऊन आत यायचं, आणि समोर बसलेलं माणूस पाण्याखाली बसल्यासारखं दिसायचं. ते दिवस आठवले की आधी तो उजेड आठवतो, मग माणसं.

त्यातली एक जेऊरजवळच्या वस्तीवरून यायची. तिशीतली. नवरा आजारात गेला, तेव्हाच हिलाही लागण असल्याचं कळलं. घरी सासू आणि शाळेत जाणारी लेक. दोघींना यातलं काहीच माहीत नव्हतं. दर महिन्याला ती रेल्वेनं सोलापूरला यायची. घरी सांगायची, चादरी-टॉवेल आणून विकते. सुरुवातीला ती थापच होती. पण रिकाम्या हातानं परतता येईना, म्हणून दोन चादरी नेल्या. त्या खपल्या, बायका आणखी मागू लागल्या. वर्षभरात थापेचा धंदा झाला. गोळ्यांची बाटली गाडीत वाजू नये म्हणून ती आत कापूस भरायची आणि बाटली चादरीच्या घडीत ठेवायची.

प्रवासाचा तिला कंटाळा नव्हता. खिडकीशी बसायचं, कुर्डुवाडीला चहा घ्यायचा, ऊस मागं पडताना बघत राहायचं. एकदा म्हणाली, "गाडीत मला कुणी वळखत न्हाय, मॅडम. तेवढा वेळ मी कुणाचीच कुणी नसते." हे ऐकताना मलाही गाडीत बसल्यासारखं वाटलं होतं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

मग वरून नवं धोरण आलं. स्थिर तब्येतीच्या रुग्णांना औषध घराजवळ, तालुक्याच्या दवाखान्यात द्यायचं. धोरण चांगलंच होतं. औषधासाठी दिवसाची मजुरी बुडवणारी माणसं मी रोज पाहत होते. यादी मीच केली आणि तिचं नाव आनंदानं घातलं. सांगितलं तेव्हा मात्र तिनं मान पडद्याकडे वळवली.

"तितं माझ्या जावंची बहीण केसपेपर काढती," ती म्हणाली.

मी तिला कायदा समजावला. रुग्णाची माहिती बाहेर सांगता येत नाही, तिथल्या सगळ्यांना तसं बजावलेलं असतं, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ती कुणाला सांगणार न्हाय, खरं हाय. पर मी तितं रांगंत दिसली, की सांगायचं ऱ्हातंच काय?"

बघते, मी म्हणाले. बघेपर्यंत यादी पुढे गेली होती आणि तिची फाइल तालुक्याला पोचली होती. पुढच्या महिन्यात ती ना तिथं गेली, ना आमच्याकडे आली.

तिच्या घरी एकच फोन होता, तो सासूजवळ असायचा. आमची कुणाची ओळख फोनवर द्यायची नाही हा नियम होता. काय बोलायचं ते मात्र तिनंच पूर्वी ठरवून दिलं होतं. सासूनं फोन उचलला. मी म्हणाले, "चादरींचा नवा माल आलाय. सुनेला पाठवून द्या." सासू म्हणाली, पाठवते की, आणि चौकडीच्या दोन तेवढ्या राखून ठेवा. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी ती आली. पाच दिवस गोळी चुकली होती. मी तिला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. माझं ऐकून ते थोडे चिडले, माझ्यावर नाही, त्या यादीवर. "सोय रुग्णाची, मग विचारायला नको का रुग्णाला?" एवढंच म्हणाले आणि फाइल परत मागवायचं पत्र तिथंच लिहिलं. तिला न विचारता यादी मीच केली होती, हे मी त्यांना सांगितलं. पुढची यादी प्रत्येकाला विचारूनच झाली. बरेच जण खुशीनं तालुक्याला गेले. ती आमच्याकडेच राहिली.

त्यानंतर एका वर्षी निधी आटला आणि केंद्रातलं एक पद कमी झालं. ते माझं होतं. रजिस्टरं, फोननंबर सगळं तिथंच ठेवून निघाले. ते माझं नव्हतंच. तिला कळवता आलं नाही.

दोनेक वर्षांनी एका लग्नाला मी जेऊरला गेले. मांडवात, दुपारच्या पिवळ्या उजेडात, ती बायकांना सरबत देत होती. अंगानं जरा भरली होती. बाहेर भेटलं तर आपण ओळख दाखवायची नाही, ही सवय माझ्या अंगात मुरलेली. मी मान वळवली. तीच जवळ येऊन बसली.

"लेकीला सांगितलं," ती हळूच म्हणाली.

"काय म्हणाली?"

"लई रडली. मग म्हणली, पुढच्या बारीला मी बी येते संगं."

तेवढ्यात कुणीतरी तिला पंगतीत वाढायला हाक मारली. पदर खोचून ती उठली.