चाकू हातात द्यायचा नसतो

बारामतीच्या बाजारादिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लोखंडी सामानाचं दुकान, त्यात खळ्याचे दिवस, त्यामुळं विळे, कोयते, साखळ्या यांसाठी नुसती झुंबड. अशा गर्दीत इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीचा क्लीनर आत घुसला आणि थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी खेकसलो, की बाबा, आधी आलेल्यांचं होऊ दे. तो हलला नाही. खाली बघून म्हणाला, "निमगावचे जयसिंगराव गेले. वहिनीसाहेबांनी तुमाला संगंच घेऊन या म्हणून सांगितलंय." हातातले खिळे मी पुन्हा डब्यात टाकले आणि गिऱ्हाइकांना बाहेर काढून फळ्या लावल्या. खरं सांगतो, मला रडू नंतर आलं, आधी आला तो राग. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या जन्मगावी, पिंपळीला, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यातून एकदा आत जायचं. पिंपळी काही काशी नव्हे. निमगाव केतकीहून मोटारीनं बारामतीला यायचं तर ती वाटेवरच लागते. आणि हा शहाणा ते न करताच निघून गेला.

त्याचं नाव जयसिंग नव्हतंच मुळी. तो शंकर. पिंपळीत आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच होती. मी तिकडून ठोकलं की तो इकडून ठोकायचा. चौघा भावांतला तो धाकटा, आईच्या पदराला धरून चालणारा, आणि कमरेच्या करगोट्याला कायम एक मिटायचा छोटा चाकू बांधलेला. आम्ही शाळेत असताना निमगाव केतकीचे एक मोठे बागायतदार पोटी मूल नसतानाच वारले. त्यांची बायको पंचविशीची. सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. जमिनीवर भावबंद टपून बसलेले, तेव्हा तिनं लांबच्या नात्यातला हा मुलगा दत्तक घेतला. विधीच्या दिवशी शंकरचे जुने कपडे उतरवले, करगोटा तोडला, चाकूही काढून थोरल्या भावाच्या, हरिदादाच्या हातात दिला. नवं धोतर, चांदीचा करगोटा, नवं नाव. सगळं गाव जेवायला होतं. जिलेबी होती, मीही खाल्ली. शंकर आमच्यातून गेला हे मला दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठोकलं तेव्हा कळलं.

महिन्याभरात तो निमगावहून पळाला. कालव्याच्या काठाकाठानं चालत निघाला होता. अर्ध्या वाटेत बाईसाहेबांच्या गड्यांनी धरून परत नेला. बाईसाहेबांनी मारलं नाही. गरम भाताचं ताट समोर ठेवलं, तूप वाढलं, जेवू दिलं, हात धुऊन झाल्यावर शपथ घातली: पुन्हा पिंपळीच्या वेशीत पाय टाकलास तर तुझ्या आईचं मढं बघशील. झालं! दावं नको, कुलूप नको. आपल्याकडं शपथेची रीत शेंबड्या पोरालाही माहीत असते. घालणाऱ्यानंच ती 'सुटली' म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हणून, अगदी ब्रह्मदेवानं येऊन म्हटलं तरी ती सुटत नाही. बाईसाहेबांवर माझा जन्माचा राग आहे, पण खोटं बोलणार नाही. मुलगा गेला असता तर भावबंदांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं असतं. तिनं त्याला दुधातुपात वाढवलं, तो तापानं फणफणला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. फक्त 'सुटली' तेवढं म्हणाली नाही.

पुढं तो जयसिंगराव झाला. मोसंबीचा मळा, उसाचं गुऱ्हाळ, नवं पत्र्याचं ऐसपैस घर, सरूवहिनींसारखी शहाणी बायको. मुलं मात्र झाली नाहीत. सन तीस-एकतीसच्या सुमाराला इंजिनाचे नटबोल्ट घ्यायला माझ्या दुकानात आला होता. मोडीच्या ढिगात हात घालून बसायची त्याला खोड होती. त्यातून त्यानं एक बोटभर लांबीचा चाकू काढला. जुना विलायती, खास मुलांसाठी केलेला... पातं आखूड, टोक बोथट, करगोट्याला बांधायला मागं कडी, पत्र्याच्या मुठीवर जहाजाचं चित्र. पंधरा मिनिटं तो चाकू उलटापालटा करत राहिला. मग म्हणाला, "ह्या पोराला चिंचंचा लई नाद हुता बघ. पातं कसं काळं पडलंय." तो चाकू त्यानं नेला आणि त्या दिवसापासून हे खूळ लागलं.

मग काय विचारता! मी मोडवाल्यांना सांगून ठेवलं, मोटारीचे ड्रायव्हर इंदापूर-दौंडाकडून आणू लागले. शिंगाच्या मुठीचे लोहारी चाकू, बोरू तासायचे चाकू, जर्मन चाकू, मुठीतच शिट्टी असलेला एक, बादशहाचं चित्र असलेला एक. मोठ्या माणसांचा चाकू कितीही देखणा असो, तो हात लावायचा नाही. मुलाचाच हवा. मी चिडवायचो, की अरे, लोक दागिने जमवतात, तू पोरांची शेंबडी हत्यारं जमवतोस. तो हसायचा आणि चाकू वाचत बसायचा. मुठीवर दात उमटलेत, म्हणजे चाकू दातांत धरून हा दोन्ही हातांनी झाडावर चढत होता. टोक मोडलंय, म्हणजे भोवऱ्याची आर उपटायला गेला. पातं उलट्या बाजूनं झिजलंय, म्हणजे पोरगा डावखुरा, आणि मास्तरांचा मार खाल्लेला. मला वाटायचं हा स्वतःचा चाकू शोधतोय. म्हणून मी एकदा हरिदादाला विचारलं. दादा म्हणाला, तो कवाच मोडला, उसाची कांडी तोडताना. हे मी जयसिंगला सांगितलं तर स्वारी खूश! म्हणाला, बरं झालं, कामाला आला. त्याला त्याचा चाकू नको होता. ज्यांना कुणी मध्येच उचलून नेलं नाही अशी पोरं त्याला बघायची होती, असं मला आता वाटतं.

घरी बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट केलं होतं. दर रविवारी सगळे चाकू उघडून, पुसून, तेल देऊन ठेवायचे. बघायला मागितला तर कधीही हातात द्यायचा नाही. खाली पंचावर ठेवणार, आपण उचलून घ्यायचा. चाकू हातातून हातात दिला की माणसं तुटतात, हे आपल्याकडं लहानपणापासून ऐकतो. मी बायकोशिवाय कुणाला मानत नाही, तरी मीसुद्धा दुकानात विळा-कोयता फळीवरच ठेवतो. बाईसाहेब कपाटासमोरून जाताना म्हणायच्या, कानशिलं पांढरी झाली तरी खेळणी सुटंनात. तो ऐकून घ्यायचा.

बाजारादिवशी त्याची मोटार पिंपळीच्या फाट्यावर थांबायची. तिथं त्याची आई उभी असायची. मोटार उतारू घेईपर्यंत खिडकीतून त्याचा हात हातात धरून ठेवायची, कधी भाकरीचं फडकं द्यायची, कधी नुसतीच बघायची. तो खाली उतरायचा नाही. मी म्हणायचो, फाटा वेशीच्या बाहेर आहे, उतर की लेका. तर म्हणायचा, वेस नेमकी कुठं सुरू होते ते कुणी दगड लावून ठेवलंय का? आईच्या जिवाशी कशाला खेळ? म्हातारीचे गुडघे गेले तेव्हापासून तिच्या जागी हरिदादा येऊ लागला. मोटार सुटली की भाऊ रस्त्यात उभा आणि हा मान वळवून मागं बघत असलेला... त्याच्याकडून परतताना कधी मी बरोबर असलो, तर शेजारी बसून दातओठ खायचो.

मग आई गेली. निरोप आला तेव्हा मी त्याच्याकडंच होतो. आम्ही दोघं मोटारीत बसलो. मला वाटलं, वाईट झालं, पण सुटला बिचारा. जिच्यासाठी शपथ पाळली तीच राहिली नाही, आता कसली शपथ? फाट्यावर मोटार थांबली. हरिदादा उघड्या डोक्यानं उभा होता. क्लीनरनं दार उघडून धरलं. जयसिंग दांडी धरून उभा राहिला, आणि उभाच राहिला. मी पाठीवर हात ठेवला, समजावलं, शेवटी शिव्या दिल्या. तो खाली बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला पुढं." बारामतीत माझ्या परसात विहिरीवर त्यानं कपड्यांनिशी अंघोळ केली. दत्तक गेलेल्याला जन्मदात्रीचं सुतक तीनच दिवसांचं असतं म्हणे, तेवढं पाळलं. मी बोलत नव्हतो. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "पाय उचलंना रं. बाईसाहेबांनी सुटली म्हटलं न्हाय अजून." मी म्हटलं, मग जा आणि मागून घे. त्यानं मान हलवली. मागून घेतलेलं 'सुटली' त्याला चालणार नव्हतं. ते बाईसाहेबांच्या मनात यायला हवं होतं. असल्या माणसाला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

गेल्या वर्षी बाईसाहेबांनी पुन्हा दत्तकाचा विषय काढला. जयसिंगनंतर मळा भावबंदांच्या घशात जायचा, हीच भीती. त्यांनी स्वतःच माळेगावकडच्या नात्यातला एक आठ वर्षांचा मुलगा आणून घरात ठेवला. काही दिवस राहू दे, रुळला की विधी करू म्हणाल्या. मुलगा गोड होता. दिवसभर कपाटाच्या काचेला नाक लावून उभा असायचा. पण संध्याकाळ झाली की ओसरीवर बसून रस्ता बघायचा. एका रविवारी मी तिथं होतो. चाकूंना तेल देणं चाललं होतं. बाईसाहेब आतून मुलाला हाक मारत होत्या, भातावर तूप वाढलंय म्हणून. जयसिंग एकदम ताठ झाला. जहाजाच्या चित्राचा तो पहिला चाकू त्यानं उचलला आणि खाली न ठेवता थेट मुलाच्या हातात दिला, त्याची मूठ आपल्या मुठीनं मिटली. वहिनी दारात होत्या, त्यांच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. तो म्हणाला, "तुटू दे. तुटायलाच पायजे." त्याच पावली गाडी जुंपून मुलाला त्याच्या आईकडं पोचवून आला. बाईसाहेब महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. असा ठाम मी त्याला जन्मात एकदाच बघितला, तोही दुसऱ्यासाठी.

यंदा थंडीतापाचं निमित्त झालं. कालव्याकाठी हा ताप कुणाला येत नाही? चार दिवसांत उठतील असं सगळे म्हणत होते. क्लीनर मला घेऊन निघाला तेव्हा वाटेत फाट्यावर हरिदादाही चढला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या घरी येत होता.

अंगण भरलं होतं. बैठकीत जयसिंगला निजवलं होतं, काचेच्या कपाटाखाली. भावबंदांतले एकजण पुढं पुढं करत होते, अग्नी गोत्रातल्यानंच द्यायचा, मी देतो, म्हणजे पुढचं सगळं सरळ होईल. पुढचं म्हणजे मळा, हे काय सांगायला हवं? हरिदादा दाराबाहेर चपलांच्या शेजारी उभा होता. त्याला कुणी आत ये म्हणालं नाही. कायद्यानं तो कुणीच नव्हता. बाईसाहेब भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरीकडं झुकलेली बाई, मळ्यावरच्या गड्यांना अजून कापरं भरवणारी, त्या दिवशी पोतं टेकवून ठेवावं तशी दिसत होती.

सरूवहिनी उठल्या. या घरात त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. सासूपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तेवढं सुटली म्हणा. आता तरी त्यास्नी घरी जाऊ द्या."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग जयसिंगकडं. मला वाटलं, कसली शपथ म्हणून विचारतील, विसरल्यासुद्धा असतील. त्या विसरल्या नव्हत्या. हातावर रेटा देत सरकत सरकत त्याच्यापर्यंत गेल्या, त्याच्या केसांवरून हात फिरवला, कानाशी वाकल्या. "सुटली रं," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली माझ्या सोन्या. जा." आणि मग ती बाई जी रडली... तिच्यावरचा माझा राग तिथं पातळ झाला, गेला नाही.

भावबंद काहीबाही बोलत राहिले. मोसंबी बारामतीला नेणारी लॉरी मळ्यावरच उभी होती. खोकी उतरवली, खाली गवत पसरलं, वर वहिनींचं पातळ टाकलं आणि त्यावर जयसिंगला निजवलं. फाट्यावर लॉरी थांबली नाही, सरळ आत वळली. वेस आली तेव्हा हरिदादानं त्याचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. मी बघवेना म्हणून पुढं बघत बसलो. घरापाशी पोचल्यावर दादा आधी खाली उतरला आणि बंद दाराची कडी वाजवून आतल्या बायकांना म्हणाला, "दार उघडा. शंकर आलाय."