हापशाजवळचं भाषण

आज क्रांती चौकातल्या लाँड्रीत शिरलो आणि ओल्या स्टार्चवर गरम इस्त्री फिरल्याचा वास नाकात गेला. मला एकदम गावातला हापसा आठवला.

वीसेक वर्षं झाली असतील. गंगापूरकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती, माझं पहिलंच मतदान. एक उमेदवार हापशाजवळ उभा राहून भाषण ठोकत होता. पांढरे कडक कपडे, खिशाला दोन पेनं, अंगाला हाच वास. भाषण रंगात आलं आणि हापसा अडकला. दुसऱ्या उमेदवार काशीमावशी गर्दीतच होत्या. हापसा बिघडला की गाव त्यांनाच हाक मारायचं. त्यांनी पदर खोचला, पाना घेतला, निसटलेली साखळी बसवली. पाणी आलं. पहिली ओंजळ त्या भाषणवाल्यानंच लावली. मग बाकीचे पोटभर प्याले आणि मिशा पुसत, त्याच्या कपड्यांकडं बघत म्हणाले, "सरपंच कसा, असा दिसाय पायजे!"

मावशींचे हात ग्रीसनं काळेकुट्ट झाले होते. कॉलेजात शिकणारा शहाणा मी. म्हणालो, "मावशी, असले हात घेऊन कलेक्टरपुढं बसनार व्हय?"

सगळे खो खो हसले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "बसंन की. धुऊन बसंन."

मत मी कडक कपड्यांना दिलं. ते निवडून आले, सरपंचही झाले. पुढची पाच वर्षंही हापसा मावशींनीच दुरुस्त केला. ते हसणं आठवलं की किळस येते, स्वतःची सगळ्यात जास्त.

"साब, कडक मारू क्या?" लाँड्रीवाल्यानं माझा शर्ट उचलत विचारलं.

"एकदम कडक," मी म्हणालो. उद्या माझ्या बढतीची मुलाखत आहे.