बारदानानं धुतलेली गाडी

माझा स्वभाव तापट आहे. बायको पाहुण्यांना सांगते, "तसे ते वाईट नाहीत हो," आणि त्या 'तसे'वर जरा जास्तच जोर देते.

गाडी काळी घेऊ नका, असं तिनंच बजावलं होतं. काळ्या रंगावर धूळ दिसते, पाण्याचे डाग दिसतात. मी ऐकलं नाही. नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या रो-हाऊससमोर ती गाडी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिच्या दाराच्या पत्र्यात समोरच्यांची गच्ची वाळत घातलेल्या कपड्यांसकट दिसत होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिच्याभोवती एक फेरी मारायचो.

पहिल्या दसऱ्याला आबा, म्हणजे माझे वडील, दिंडोरीजवळच्या आमच्या गावाहून आदल्या संध्याकाळी आले. नव्या गाडीची पूजा त्यांच्या हातून व्हावी, ही माझीच हौस. आबांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. दसऱ्याला ट्रॅक्टर धुण्याची त्यांची रीत ठरलेली आहे. फवारणीचं औषध पत्र्यावर बसून निळसर थर धरतं. तो काढायला बारदानाचा, म्हणजे पोत्याचा तुकडा भिजवायचा, त्याची गुंडाळी करायची आणि जोर लावून गोल गोल घासायचं. ट्रॅक्टर लख्ख झाला की मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

दसऱ्याच्या सकाळी मला उठायला उशीर झाला. बाहेर आलो तर आबा धोतर खोचून बादलीशेजारी उभे, घामानं निथळत होते. बारदान त्यांनी गावाहून पिशवीत घालून आणलं होतं. बॉनेटवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात शेकडो बारीक गोल रेघा चमकत होत्या, स्टीलच्या ताटावर घासणीनं पडतात तशा. बॉनेटवर, टपावर, चारही दारांवर.

"बघ," आबा म्हणाले, "लय चकाचक झाली."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "आबा, हा काय ट्रॅक्टर आहे का? वाट लावलीत गाडीची! एवढ्या रेघा पडल्यात, दिसत नाही का तुम्हाला?"

आबा वाकले, पत्र्याला नाक टेकेल इतके. "कुठं हायेत रेघा? मला तर नाय दिसत."

मला वाटलं, चूक कबूल करायची नाही म्हणून असं बोलतायत. "राहू द्या," मी म्हणालो, "इथून पुढे गाडीला हात लावू नका."

पूजा झाली. संध्याकाळी मी आपट्याची पानं देऊन पाया पडलो, तेव्हा त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडीनं सोडतो म्हटलं तर म्हणाले, "एसटी हाय की." आणि गेले. त्या आठवड्यात मी रागारागात ऑनलाइन पॉलिशचं मशीन मागवलं. ते आल्यावर माहिती वाचली आणि खोकं तसंच कपाटावर ठेवून दिलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. रेघा त्या थरात असतात आणि पॉलिश करणं म्हणजे तो थर केसभर झिजवणं. जास्त झिजला की संपलं. माझ्या हाताला तेवढी सबुरी नाही, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. अंगणात गाडी उभी केल्याबरोबर भाऊबंदांची पोरं भोवती जमली. आबा ओट्यावरून उठून आले आणि त्यांना हाकलू लागले, "लांब व्हा रे, रेघ पडंल!" स्वतः मात्र गाडीपासून चार हात दूर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी ते पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. पण माफी मागायची म्हणजे कशी, ते आमच्या घरात कुणालाच येत नाही.

रात्री जेवण वाढताना आई म्हणाली, "यांच्या बोटाकडं बघितलं का? छाटणीला काडी समजून बोटच कापून घेतलं. पातेल्यात दूध किती ते बोट बुडवून बघत्यात. तुला सांगू नको म्हणले."

भाऊबीज झाल्यावर मी त्यांना नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात जाताना आणि येताना गाडीचं दार मी उघडेपर्यंत आबा शेजारी नुसते उभे राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात तर पूर्ण पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर हे नुसत्या अंदाजानं वावरत असतील." मला ती दसऱ्याची सकाळ आठवली. आबा खरंच बोलत होते. त्यांना रेघा दिसत नव्हत्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. त्यानंतर त्यांना बारीकसारीक सगळं दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात आली. पट्टी निघाल्यावर आबा याच गाडीत बसून घरी येणार होते. स्वतःच्या हातानं केलेलं नुकसान त्यांना पहिल्याच दिवशी लख्ख दिसणार होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. तोवर आबा गावी राहून रविवारी रात्री येणार होते, म्हणजे माझ्याकडे सुट्टीचे दोन दिवस होते.

शनिवारी सकाळी खोकं खाली काढलं. गाडी धुतली, रबरी कडांना चिकटपट्टी लावली, मशीनला स्पंज बसवला आणि त्यावर पेस्ट घेतली. भरपूर घेतली. मशीन टेकवायच्या आधीच सुरू केलं आणि सगळी पेस्ट माझ्या चष्म्यावर, शर्टावर आणि तुळशीवर उडाली.

बायको दारात येऊन म्हणाली, "तुळस छान चमकतेय."

मग उन्हानं घोळ केला. तापलेल्या पत्र्यावर पेस्ट वाळून खरपुडी झाली. ती ओल्या कपड्यानं सोडवत बसलो. ताडपत्री बांधून सावली केली, पत्रा गार होऊ दिला आणि पुन्हा सुरुवात केली. आता वाटाण्याएवढी पेस्ट, वीतभर जागा, मशीन आधी आडवं, मग उभं. हात दाबायचा नाही, घाई करायची नाही. मऊ कापडानं पुसायचं आणि मोबाइलची बॅटरी तिरपी धरून बघायचं. रेघा फिक्या झाल्या की पुन्हा एकदा. आयुष्यात इतका वेळ एवढं हळू मी काहीच केलेलं नाही. बॉनेटला शनिवार गेला. टप आणि दारं करता करता रविवारची संध्याकाळ झाली. हात मशीन बंद केल्यावरही थरथरत होते. चहाचा कप बायकोनं धरला आणि मी प्यायलो.

"गाडीसाठी एवढं करताय की आबांसाठी?" तिनं विचारलं.

"आबांसाठी," मी म्हणालो.

सोमवारी ऑपरेशन झालं, मंगळवारी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. काळा चष्मा लावून आबा दवाखान्याबाहेर आले आणि पायरीवरच थांबले. समोरच्या कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "पान अन् पान दिसतंय रे." मग त्यांची नजर गाडीकडे गेली. गाडी भर उन्हात होती.

आबा चालत गेले. हात पाठीमागे बांधलेलेच. चष्मा थोडा वर सरकवून त्यांनी बॉनेट पाहिलं, एक दार पाहिलं, वळसा घालून दुसरं पाहिलं.

"कुठं हायेत रेघा?"

"नाहीत, आबा."

"मंग तवा?"

मला खरं सांगता आलं असतं. "तेव्हाही नव्हत्या," मी म्हणालो.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजी उगाच बोलला मला."

"हो आबा. उगाच बोललो. चुकलं माझं."

"लय लागलं होतं मला."

"माहीत आहे."

मग ते म्हणाले, "आता येत्या दसऱ्याला मीच धुईन."

सोबत आलेल्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "धुवा की," मी म्हणालो.

आबांचे पाठीमागचे हात सुटले. दवाखान्यासमोरच्या रस्त्याची धूळ तासाभरात बॉनेटवर बसली होती. त्यांनी खांद्यावरचा जाडाभरडा टॉवेल काढला, त्याची गुंडाळी केली आणि कोरड्या धुळीवरून, जोर लावून, गोल गोल फिरवायला सुरुवात केली. पहिली रेघ पडताना मला दिसली. मग दुसरी. पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचेना, म्हणून आबा पुढे झुकले. मी धावत जाऊन त्यांना मागून धरलं.

"आबा, वाकू नका," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय ना."