तट्टीवरचं पाणी

बनाबाईबद्दल लिहायला बसलो की आधी मला माझाच राग येतो. भूगोल मी शिकवायचो, आणि तो कळला होता तिला.

सोनाळ्याच्या आमच्या शाळेत ती पाणी भरायची. पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ. सकाळी रांजण भरायचे, आणि होळी झाली की हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराला लावलेल्या वाळ्याच्या तट्टीवर दर अर्ध्या तासाने पाणी मारायचं. आत वामनराव हेडमास्तर गारव्यात बसायचे आणि पलीकडे पत्र्याखाली आमची पोरं भाजून निघायची.

पूर्वी आमच्याकडे होळीनंतर शाळा सकाळची व्हायची. महाराष्ट्र झाला, आणि दुसऱ्याच वर्षी पुण्याकडच्या कुठल्याशा कचेरीतून कागद आला: मे लागेपर्यंत शाळा साडेदहा ते पाच, सगळीकडे एकच वेळ. अरे, सगळीकडे एकच ऊन आहे का? एप्रिलात काश्मीरला बर्फ वितळत असतं, कोकणात अंग चिकचिकतं, पुण्याला संध्याकाळी वारा सुटतो, आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी दहालाच झळा लागतात. हे मी चौथीला शिकवायचो आणि चौथीला कळायचंही.

त्या चौथीतच बनाबाईची नात चांगुणा होती. दीड कोसावरच्या वाडीहून अनवाणी यायची. मार्चच्या मध्यालाच एका दुपारी वर्गातच तिला ऊन लागलं, पाटी हातातून पडली. तिच्या बापाने मला सांगून टाकलं, "मास्तर, सकायची शाळा होत असंल तं पाठवतो. नाई तं पोरगी घरीच राहीन. मले जित्ती पाह्यजे."

मी तावातावाने अर्ज लिहिला. उत्तर आलं, तापमानाचा पुरावा द्या. सोबत एक तापमापक. सरकारी वस्तू! वामनरावांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि शाळेतल्या सगळ्यात चांगल्या जागी, म्हणजे स्वतःच्या खोलीत, खुर्चीमागे टांगली. पंधरा दिवस दुपारी दोन वाजता मी आत जायचो, आकडा बघायचो, फॅरनहाइटमध्ये, सुवाच्य अक्षरात लिहायचो. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. आकडा कमी वाटायचा, पण सरकारी नळी खोटं कशी बोलेल? त्या खोलीत मलाही इतकं बरं वाटायचं की डोकं चालायचं बंद व्हायचं. लाज वाटते सांगायला.

आकडे पाठवल्यावर दहाव्या दिवशी कचेरीचं उत्तर आलं. मी रांजणापाशी उभा राहून ते मोठ्याने वाचलं आणि दातओठ खाल्ले. "आपल्या नोंदींवरून तेथील हवा सुखद दिसते. वेळ बदलण्याचे कारण नाही."

बनाबाईने कळशी खाली ठेवली. "मास्तर, ते नळी कुठं टांगली व्हती तुमी?"

"हेडमास्तरांच्या खोलीत."

"म्हंजे पंधरा दिवस माह्या पान्याचा गारवा मोजला तुमी! इतकं शिकून हेच केलं काय हो?"

मी तसाच वामनरावांकडे गेलो. नळी बाहेर सावलीत टांगू, नवे आकडे पाठवू, म्हणालो. ते म्हणाले, "आता वीस अंश वाढवून पाठवले तर आपण खोटारडे ठरू. गप्प बसा." मी गप्प बसलो. बनाबाई बसली नाही.

वीस एप्रिलला वार्षिक तपासणीला त्याच कचेरीतले साहेब आले. त्यांना अर्थातच तट्टीच्या खोलीत बसवलं. बारा वाजले, एक वाजला. तट्टी वाळून कडकडीत झाली, तिच्यातून भट्टीसारखा वारा आत येऊ लागला. साहेबांनी कोट काढला, मग टाय काढला. वामनराव दारातून ओरडले, "बनाबाई, पाणी!"

बनाबाई रांजणापाशी मांडी घालून बसली होती. "रांजनातलं पानी पोराइले प्याले हाय," ती म्हणाली. "तट्टीले नाई."

"कामून नाई?" वामनराव रागाच्या भरात घरच्या बोलीवर आले.

"साह्यबाले आमची हवा पाहू द्या ना. सुखद हाय म्हनते."

साहेब उठून नळीपाशी गेले. पारा एकशे सहावर होता. "हा आकडा बरोबर आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"आजच बरोबर आहे साहेब," मी म्हणालो, आणि आधीचं सगळं कबूल करून टाकलं. त्यांनी तिथेच, घाम पुसत, सकाळच्या शाळेचा हुकूम लिहिला.

सोमवारी सातला शाळा भरली. चांगुणा आली. त्याच सकाळी वामनरावांनी बनाबाईच्या हातात मेमो ठेवला. माझ्या हातात काहीच ठेवलं नाही. पंधरा दिवस चुकलेला मी, शिक्षा तिला.

तिने अंगठा उठवला आणि कागद नातीपुढे धरला. "वाच वं."

चांगुणा बोट ठेवून वाचू लागली. "का-मात हय-गय के-ल्या-बद्दल दोन दि-वसांचा प-गार का-पण्यात ये-ईल." मी तो कागद फाडायला हात पुढे केला.

"राहू द्या मास्तर," बनाबाईने माझा हात बाजूला सारला आणि नातीला म्हणाली, "आखीन एकडाव वाच. जोरानं वाच, त्या खोलीत आयकू गेलं पाह्यजे."