पाठमोरा रेडिओ

माझ्या भाचीचं नागपुरात ब्यूटी पार्लर आहे. मागच्या महिन्यात तिला एक पत्र आलं. धंद्याच्या जागी गाणी वाजवायची असतील तर गाण्यांच्या हक्कदारांकडून परवाना घ्या, असं त्यात होतं. पत्र फडकावतच ती माझ्याकडे आली. "मावशी, गाणी मी माझ्यासाठी लावते गं. बायका भुवया करायला येतात, गाणी ऐकायला नाही!" मी म्हटलं, गाणाऱ्यालाही पोट असतं, मुकाट्याने परवाना घे. पण मला हसू आवरेना. हेच वाक्य मी फार वर्षांपूर्वी वरठीच्या एका सलूनवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्याच्यावरही अशीच डाफरले होते.

तेव्हा मी वरठीच्या पोस्टात कारकून होते. परवाना त्या काळीही लागे, पण गाण्यांचा नाही, रेडिओचा. घरात ऐकायचा रेडिओ असेल तर घरगुती परवाना. हॉटेलात, दुकानात चार लोकांना ऐकवायचा असेल तर व्यावसायिक, आणि त्याची फी चांगलीच जास्त. पोस्टातून एक छोटं पुस्तक मिळे. दर वर्षी त्यात तिकीट चिकटवायचं, वर शिक्का हाणायचा. ती खिडकी माझ्याकडे होती. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, त्यामुळे माझ्या खिडकीशी कोणी फार वेळ गप्पा मारत उभं राहत नसे.

एका दुपारी स्टेशनच्या रस्त्यावरचा सलूनवाला आला. अंगाने किडकिडीत, बोलायला मऊ. म्हणाला, "रेडिओचा परवाना पायजे होता जी. घरगुती. अन् नाव बायकोचं टाका."

"रेडिओ ठेवणार कुठे?"

"सलुनात."

"मग तो दुकानाचा झाला. व्यावसायिक घ्या."

"माझं घर बी तेच आहे ना जी. पुढं खुर्ची, मांगं तट्टा. तट्ट्याच्या मांगं आम्ही दोघं रायतो. रेडिओ बायकोसाठी घेतला. लोक दाढी कराले येतात, गाणं आयकाले नाई."

माणूस खरं बोलत होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण न्हावी म्हटला की माझ्या कपाळाला आठी पडायची. आमच्या गावचा न्हावी आमच्या वस्तीत पाऊल टाकत नसे. आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. बाबांची दाढी काका करायचे, अंगणात, फुटका आरसा झाडाला टेकवून. या बिचाऱ्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्याच्या खुर्चीत कारखान्याचे मजूर, स्टेशनचे हमाल, ज्याला यायचं तो येऊन बसे. पण मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. अर्जावर बायकोची सही पाहिजे, म्हणून त्याला परत पाठवलं. मग सही खोडलेली आहे म्हणून पुन्हा पाठवलं. तिसऱ्या वेळी तो स्वच्छ अर्ज घेऊन आला. खाली दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईची वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची सही होती.

पुस्तक देताना मी बजावलं, "गिऱ्हाइकासाठी वाजताना सापडला तर रेडिओ जप्त होईल."

"मंग गिऱ्हाइकाले कान घरी ठेवून ये मनू का जी?" तो म्हणाला. रांगेतले लोक हसले. मी नाही हसले.

दोनेक वर्षांनी नागपूरहून परवाने तपासायला एक साहेब आले. दोन हॉटेलं आणि एक कापडाचं दुकान बघून झाल्यावर त्यांनी सलूनच्या परवान्याची नोंद काढली. आमचे पोस्टमास्तर मला म्हणाले, "परवाना बाईच्या नावाचा आहे, अन् ती अंथरुणावर असते म्हणतात. तुम्ही संगं जा." मी मोठ्या उत्साहाने गेले. मी आधीच सांगितलं होतं, असं म्हणायची संधी कोणाला नको असते?

सलुनात एका मजुराच्या गालांवर साबणाचा फेस होता आणि रेडिओ जोरात वाजत होता. बांबूच्या तट्ट्याला वरच्या बाजूला एक फळी ठोकलेली, तिच्यावर रेडिओ. साहेबांनी कमरेवर हात ठेवले. "हे दुकान. हा ग्राहक. हे गाणं. आणि परवाना घरगुती?"

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. "सायेब, तिच्यासाठीच वाजते जी. नेऊ नका. ते दिवसभर एकलीच पडून रायते. तेवढाच आधार आहे तिले."

"ते बघावं लागेल," साहेब म्हणाले. पण पडद्याआड आजारी बाई. पुढे जायला ते कचरले आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आत जाऊन बघा. रेडिओ खरोखर कोणासाठी वाजतो ते मला सांगा. तुम्ही सांगाल तसा रिपोर्ट लिहितो."

मी जुन्या लुगड्याचा पडदा सारून आत गेले. आत गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की रेडिओचं तोंड इकडे, घराच्या बाजूला होतं. दुकानाकडे त्याची पाठ होती. बाजेवर एक बाई उताणी पडलेली. विहिरीच्या काठावरून पडल्यापासून तिचं कमरेखालचं अंग हलत नव्हतं. हातात एक लांब बांबूची कमची, टोकाला चीर पाडलेली. ती चीर रेडिओच्या बटणात अडकवून ती बाजेवरूनच आवाज कमीजास्त करी, स्टेशन बदली. इतक्या सफाईने की मी बघतच राहिले.

"या बाई, बसा," ती म्हणाली आणि बाजेवर आपल्या शेजारची जागा थोपटली. मी कोण, कुठली, हे तिला माहीत होतं. पोस्टातली बाई म्हणून सगळी वरठी मला ओळखायची. आमच्या गावात अशा घरातल्या कोणी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मी तिच्या शेजारी बसले.

"लय जोरात लावता हो तुम्ही," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

तिने पडद्यापलीकडच्या नवऱ्याच्या दिशेने पाहिलं आणि स्वतःचा आवाज खाली आणला. "तुमाले सांगतो, यायले नका सांगू. पाठीत कळ निघाली का कण्हल्याशिवाय रायवत नाई. मंग मोठा कराव लागते. कण्हणं आयकत कोन बसंल खुर्चीत? अन् यायचा हात थरथरला तं? हातात वस्तरा रायते."

नियम मला पाठ होता. धंद्याला ज्या रेडिओचा उपयोग, तो रेडिओ धंद्याचा. आणि हा रेडिओ तर सगळ्या वरठीत सर्वात जास्त धंद्याचा होता. हॉटेलात गाण्याने चहा जरा जास्त खपत असेल, इथे तर गाण्यामुळेच दुकान उघडं होतं. आणि तरी त्याहून घरगुती रेडिओ मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मला माझीच लाज वाटली. याच बाईचा अर्ज मी दोनदा परत पाठवला होता.

बाहेर आले तेव्हा सलूनवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. साहेबांनी विचारलं, "काय?"

"बटणं आतल्या बाजूला आहेत. रेडिओ बाईंच्या हातात असतो. घरगुती आहे," मी म्हटलं.

साबण वाळलेला मजूर खुर्चीतून म्हणाला, "आमाले तं गाण्याची पाठच आयकू येते सायेब." साहेबांनाही हसू आलं. त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी खोटं बोलले की खरं, ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्या दिवशी मला झोप छान लागली.

नंतर बाबा मला भेटायला आले तेव्हा मीच त्यांना त्या सलुनात पाठवलं. न्हाव्याच्या हातून दाढी करून घ्यायची त्यांची ती पहिली वेळ. परत आले ते गालावरून हात फिरवतच. गाणं कोणतं होतं विचारलं तर म्हणाले, "गाण्याकडं लक्षच नव्हतं माझं."

आणखी तीन-चार वर्षं ते पुस्तक दर जानेवारीत माझ्या खिडकीत आलं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी ती बाई गेली. जानेवारी आला तसा सलूनवालाही आला, पुस्तक घेऊन. म्हणाला, "याले आता व्यावसायिक करून द्या जी. माझ्या नावानं."

मी म्हटलं, "काहून? तुम्ही तिथंच रायता ना? घरगुतीच राहू द्या. मी देते शिक्का मारून."

तो म्हणाला, "तिचं कण्हणं मले आयकू येत होतं, बाई. पयल्यापासून. तिनं आवाज मोठा केला का मी बी गिऱ्हाइकासंग मोठ्यानं बोलत रावो. तिले वाटे, मले मालूम नाई." त्याने पुस्तक खिडकीतून आत सरकवलं. "आता रेडिओ मीच लावतो, मीच बंद करतो. घर नाई रायलं जी. दुकानच रायलं."

मी नवा अर्ज भरला. व्यावसायिक, त्याच्या नावाने. जुनं पुस्तक रद्दचा शिक्का मारून जमा करायचं, असा नियम होता. मी शिक्का शाईवर दाबला, पुस्तक उघडलं, तर समोर ती वाकडीतिकडी सही. शिक्का बाजूला ठेवला आणि पुस्तक तसंच त्याच्या हातात दिलं.

"हे घरी ठेवा," मी म्हटलं.

त्याने ते सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून हात दाबून धरला. मग मागच्या माणसाला जागा करून देत तो निघून गेला.