बायनाबाईचे अर्धे सिनेमे

बायनाबाईनं आयुष्यात रगड सिनेमे पाहिले, पण एकाचाही शेवट तिला माहीत नव्हता. माजलगावच्या टॉकीजचा जिना, पाण्याची टाकी आणि बाहेरचं लिंबाचं झाड यांची मात्र तिला खडान्‌खडा माहिती होती. अमरसिंहांच्या घरचं लटांबर सिनेमाला निघालं की जीपमध्ये तिची जागा ठरलेली. मागं, मांडीवर घरातलं सगळ्यात धाकटं पोर घेऊन. पडद्यावर ढिशुम ढिशुम सुरू झालं की पोर दचकून भोकाड पसरायचं आणि पुढच्या रांगेतून सुंदरबाईचा हात मागं न बघताच हलायचा. म्हणजे ऊठ. बायना उठायची आणि उरलेला सिनेमा लिंबाखाली, पोराला थोपटत, भिंतीतून ऐकायची.

ती अमरसिंहांची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली. माहेरी आली तेव्हा भावाची सायली रांगत होती. भावजय सुंदरबाई ही दूध पाजण्यापुरती आई. बाकी हागणं-मुतणं, ताप-खोकला सगळं बायनाकडं. सायलीच्या पाठीवर दोन पोरगे झाले, तेही तिच्याच खांद्यावर वाढले. फुकटची बाई, त्यात घरचीच, त्यात तोंडातून शब्द न काढणारी. असलं घबाड कुणाला सापडतं?

तिला हौस एकच होती. एक तरी सिनेमा शेवटची पाटी येईपर्यंत बघायचा. परत येताना ती बिचकत विचारायची, पुढं काय झालं. मग जीपमध्ये सगळ्यांना चेव यायचा. एक म्हणायचा हिरो मेला, दुसरा म्हणायचा हिरोईन जोगतीण झाली. एकदा सुंदरबाईनं हिरोच्या आईला विहिरीत ढकलल्याचं असं रंगवून सांगितलं, की बायना त्या दिवशी जेवली नाही. हिरोची आई तिकडं मजेत नातू खेळवत होती. हे हसणं घराला आठवडाभर पुरलं. शेवटी सुंदरबाईच म्हणायची, पोरं मोठी होऊ दे, मग तुला बसवून सबंध सिनेमा दाखवू.

पोरं मोठी झाली. पुढचा सिनेमा ठरला त्या दिवशी बायना ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली. जीप भरली. सायली म्हणाली, आता घरात लहान कोण आहे, आत्याचं काय काम? गरज सरो, वैद्य मरो. जीप निघून गेली आणि ओट्यावरच्या बाईला सगळा हिशोब उलगडला. रडकं पोर असलं तर शेवट नाही, आणि पोर नसलं तर सिनेमाच नाही.

पुढं सायलीचं लग्न झालं. बाळंतपणाला ती माहेरी आली, मुलगी झाली, नाव राजनंदिनी. सगळ्यांपेक्षा जास्त कोण हरखलं असेल तर बायना. लोक म्हणाले, बघा कशी माया. माया होतीच, खोटं कशाला बोला. पण बाळाला तेल लावता लावता ती विचारायची, टॉकीजला नवीन काय लागलंय.

बाळ मान धरायला लागलं आणि एका दुपारी जीप निघाली. बायना मागं, मांडीवर राजनंदिनी. इंटरवलपर्यंत पोर गाढ झोपलं होतं. नंतर पडद्यावर गोळीबार झाला आणि ते किंचाळलं. सुंदरबाईचा हात हलला. बायना हलली नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, पोर बाहेर काढा बे. पंचक्रोशीत ज्यांच्यापुढं कुणी तोंड वर करून बोलत नाही, त्या अमरसिंहांनी मान वळवली.

"बायना, ऊठ."

"पोर सायलीचं हाय, दादा," ती म्हणाली. "सायलीला उठवा."

आणि पोर तिनं सायलीच्या मांडीवर ठेवलं. सगळी रांग तिच्याकडं बघत राहिली. अमरसिंह उठले. ते उठले म्हणून घरचे सगळेच उठून बाहेर पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बायनाला त्या घटकेला अवलक्षणाची फिकीर नव्हती. ती जागची हलली नाही. सिनेमा भिकार होता, पण तिनं तो डोळे फाडून पाहिला. हिरो जिवंत राहिला, आई सापडली, पाटी पडली. ती एकटीच बसून हुंदके देऊन रडली, आनंदानं.

बाहेर जीप उभी होती. दादाचा राग उतरला, असं तिला वाटलं. पण आत एकटा ड्रायव्हर बद्रीनाथ होता आणि शेजारी तिच्या लुगड्यांचं गाठोडं. त्यानं मान खाली घालून निरोप सांगितला. इथून पुढं तिनं शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात म्हशींपाशी राहायचं. घराची पायरी चढायची नाही.

"आन् सायली?" तिनं विचारलं. "ती काय म्हणली?"

बद्रीनाथनं गाठोडं मागच्या सीटवर सरकवलं. मग म्हणाला, "वांझेला लेकराचं रडणं काय कळायचं, म्हणल्या. लेकराला तिचा हात लागू देऊ नका म्हणल्या."

सायलीला बोलायला बायनानंच शिकवलं होतं. ती गाठोडं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. धरणाचा रस्ता लागला तेव्हा तिनं विचारलं, राजी झोपली का.

"कुठली झोपती? घरी गेल्यापासून रडतीय. कुणाकडंच ऱ्हाईना."

बायनाचे हात गाठोड्यावर आपोआप थोपटायला लागले. बद्रीनाथनं आरशात पाहिलं आणि गाडी आखाड्याच्या वाटेला घातली.