कुसुमताईंचं 'हे खरे आहे'

आमदारांच्या कार्यालयातून फोन आला की कुसुमताई उभ्या राहून बोलत. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. फोन ठेवला की म्हणत, "माय वो, जीवच गेलता माहा."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात त्या वरिष्ठ सहाय्यक होत्या. मी नुकतीच लागलेली कनिष्ठ. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला की तो मंत्रालयातून यवतमाळला आणि तिथून आमच्याकडे येई. उत्तराचा मसुदा ताई करत. प्रश्नासोबत भीतीही वरूनच उतरायची. मुंबईचे यवतमाळला दटावत, यवतमाळचे आमच्या कार्यालयाच्या साहेबांना, साहेब आम्हाला. म्हणून बहुतेक उत्तरं ठरलेली असत : 'हे खरे नाही', आणि त्याखाली, 'प्रश्न उद्भवत नाही'. ताई म्हणायच्या, "उद्भवत नाही लिवलं का साहेबाले झोप लागते. मले नाही लागत."

मार्चच्या अधिवेशनात प्रश्न आला. एका तांड्यावरची फ्लोराईडच्या पाण्याची हापशी अजून सुरू असून मुलांचे दात खराब होत आहेत, हे खरे आहे काय? साहेब म्हणाले, "खरे नाही, हापशी बंद केली आहे, असं लिहा. संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे."

ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "गाडी काढ तुही. पाहून येऊ."

तांड्यावर हापशी सुरूच होती. पाणी पिऊ नये म्हणून तिला दिलेला लाल रंग कधीच उडाला होता. पाणी भरणारी बाई गुडघे धरून उठली. "दुसरं पानी कोठं हाये, मॅडम?" तिची मुलगी आमच्याकडे पाहून हसली. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. परतताना ताईंनी माझा खांदा घट्ट धरला होता.

"साहेब, हापशी चालू हाये. मी पाहून आली," कार्यालयात येताच ताई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी पाठवलं होतं? मागच्या अहवालात मी बंद लिहिलंय. आता चालू लिहिलं तर निलंबन कोणाचं होईल?"

"तुमचं होईन, नाही तं माहं होईन. मले भेव वाटून राह्यलं, साहेब. पन उद्या आमदार तांड्यावर गेले, तं ते पोरगी तोंड उघडनच ना?"

साहेब घाम पुसत बसले. टेबलावर यवतमाळचा फोन वाजत होता. शेवटी ताईंनी लिहिलेल्या 'हे खरे आहे' खाली त्यांनी सही केली आणि कागद ताईंच्या अंगावर फेकल्यासारखा पुढे लोटला.

सभागृहात गदारोळ झाला. हापशीचा दांडा निघाला, तांड्यावर आधी टँकर आणि मग नळ आला. साहेबांची चौकशी लागली. ताईंची बदली मारेगावला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले.

"ताई, तिकडंही असा प्रश्न आला तर?"

त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. "येईनच. मले आतापासूनच भेव वाटून राह्यलं," म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

आता मसुदे मी करते. मंत्रालयाचा प्रश्न आला की मलाही भीती वाटते. ती तशीच घेऊन मी आधी त्या गावात जाऊन येते, मग उत्तर लिहिते.